काळी झिलई, पांढरी माती

गेल्या महिन्यात नातीने पुण्याहून एक खोकं पाठवलं. वर्तमानपत्राचे बोळे काढत काढत आत पोचले तर सात वाडगे निघाले. सोबत चिठ्ठी होती : "आजी, हे सगळे नापास. जन्मभर पेपर तपासलेस, आता हे तपास आणि कारणं सांग."

घरच्या मंडळींना ठाऊक आहेच, पण ब्लॉगवर नव्याने डोकावणाऱ्यांसाठी सांगते. ही धाकटी नात चार वर्षांपूर्वी संगणकाची नोकरी सोडून कुंभारकाम करायला लागली. (तिची आई मला दर वेळी सुधारते, की स्टुडिओ पॉटरी म्हणा, कुंभारकाम नको. चाक फिरतं, हात चिखलात असतात, मग कुंभारकामच की. असो.) तिच्याकडे एक काळी झिलई आहे. ती ग्लेझ म्हणते, मी झिलई म्हणते, दोघींना कळतं. तपकिरी मातीच्या भांड्यावर ही झिलई अशी उतरते की देवघरातला ओला शाळीग्राम आठवावा. तिची भांडी खपतात ती बरीचशी या काळ्या रंगावर.

तर झालं असं, की एका खाणावळवाल्याने तिला चाळीस वाडगे सांगितले. सार, सोलकढी, आमटी वाढायला. बाहेरून भांडं पांढरंच हवं, झिलईशिवाय, आणि आतून काळंभोर. म्हणजे माती पांढरी घेणं आलं. हिने पांढरी माती आणली, झिलई तीच, भट्टी तीच, आचही तेवढीच, १२२० अंशांच्या आसपास. भट्टी उघडली तर वाडगे काळे नाहीतच! पाक करपल्यावर गूळ जसा दिसतो तसा रंग. काठाला पिवळट, पोटात तपकिरी, तळाशी जिथे झिलई ओघळून साचली तिथेच काय तो काळपटपणा. आणि वर सगळीकडे केसासारख्या बारीक रेघा, जुन्या कपबशीला पडतात तशा.

सातातला एक वाडगा मात्र खरोखर काळा होता. त्याच्या झिलईत तिने कोबाल्ट, मँगनीज आणि तांबं यांची मापं जवळजवळ दुप्पट केली होती. मला तो फार आवडला. पण चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे त्यात लिंबाची फोड रात्रभर ठेवली आणि सकाळी उचलली तर खाली राखाडी रंगाचा गोल डाग, चंद्राएवढा स्वच्छ. धुतला, घासला, जाईना. झिलईतलं काहीतरी लिंबाने खाल्लं होतं. उद्या तेच सारातून माणसाच्या पोटात.

मी बीएला इतिहास घेतलेला. रसायनशास्त्राशी माझा संबंध जुन्या अकरावीपर्यंतचा, तोही फारसा प्रेमाचा नव्हे. पण "कारणं सांग" म्हटल्यावर शिक्षिकेला स्वस्थ बसवत नाही. वाचत गेले, आणि लक्षात आलं की नातीला आलेला हा प्रश्न हजारेक वर्षं पेपरात येतोय. फक्त परीक्षार्थी बदलत गेले.

पहिला पेपर चीनमधला. सुंग घराण्याचा काळ, इसवी सन ९६० ते १२७९. त्या काळी चहा आपल्यासारखा उकळून गाळत नसत. पानांची पूड वाडग्यात घालायची, वर गरम पाणी, आणि बांबूच्या घुसळणीने फेस येईपर्यंत घुसळायचं. फेस जितका पांढरा तितका चहा उंची. त्याच्या पैजा लागत. ज्याचा फेस आधी विरून कडेला पाण्याची रेघ दिसेल तो हरला. आता पांढऱ्या वाडग्यात पांढरा फेस कसा दिसणार? फळा काळा का असतो हे मी पहिलीच्या पोरांनाही सांगत असे. त्साय श्यांग नावाचा एक अधिकारी होता, फुज्येन प्रांतातला, मोठा सुलेखनकारही. त्याने अकराव्या शतकाच्या मध्याला चहावर एक छोटी पुस्तिका लिहिली आणि त्यात हेच सांगितलं, की चहा पांढरा असल्याने काळे वाडगे बरे, आणि त्यातही आपल्या भागात, च्येनआन इथे होतात ते उत्तम, कारण ते जाड असतात आणि लवकर निवत नाहीत. पुढे ११०७ साली ह्वेइत्सुंग या सम्राटाने स्वतः चहावर लिहिलं, त्यालाही काळेच वाडगे पसंत होते. (हा सम्राट चित्रं फार सुंदर काढायचा. राज्य मात्र घालवलं आणि कैदेत मेला. वर्गात त्याची गोष्ट सांगितली की मुलं गप्प बसत.)

हे वाडगे फुज्येनमधल्या श्वेइची गावाजवळ होत. तिथे डोंगराच्या उतारावर बांधलेल्या लांबच लांब भट्ट्या उत्खननात सापडल्या आहेत. सर्वांत लांब भट्टी १३५ मीटरच्या वर. आपल्या शाळेचं मैदान आडवं धरलं तरी एवढं नव्हतं! वाडगा फुटला तर आतली माती दिसते ती गडद, जवळजवळ चॉकलेटी, आणि हाताला जड. त्या मातीत लोह भरपूर, काही नमुन्यांत दहाव्या हिश्श्याच्या जवळपास. वरच्या झिलईतही लोहच, पण त्याहून कमी, शेकडा पाच ते आठ. शिसं नाही, कोबाल्ट नाही. लाकडाची राख, माती आणि लोह, एवढंच.

आता यातली खुबी मला नातीने फोनवर समजावली ती अशी. भट्टीत १३०० अंशांना झिलई वितळून पातळ काच होते. ही काच भांड्यावर नुसती रंगासारखी बसत नाही. ती खालच्या मातीला चाटते, थोडी माती स्वतःत विरघळवून घेते. माती लोहाची असेल तर त्या मातीतलं लोह झिलईत चढतं. शिवाय झिलई ही कितीही गडद असली तरी काच आहे, उजेड तिच्यातून खाली जातो आणि खालून परत येतो. खाली गडद माती असेल तर काहीच परत येत नाही, आणि डोळ्याला काळं दिसतं.

"म्हणजे तुझा काळा रंग अर्धा मातीचाच होता," मी म्हटलं.

"अर्धा नाही गं आजी, पण होता. मला वाटत होतं सगळा माझाच आहे."

जपानी बौद्ध भिक्षू चीनमधल्या थ्येनमू डोंगरावरच्या मठांत शिकायला जात. तिथून ते असे वाडगे मायदेशी घेऊन आले, म्हणून जपानीत या झिलईला तेन्मोकु म्हणतात आणि आता जगभरचे कुंभार तेच नाव वापरतात. काळ्यावर निळे, चमचमते ठिपके असलेले तीन वाडगे जपानने राष्ट्रीय ठेवा म्हणून जपलेत. छायाचित्रं जरूर पाहा. रात्री गच्चीवर झोपायचो तेव्हाचं आभाळ आठवलं मला.

पण नातीचा पेपर यापुढचा. माती पांढरी असेल तर काय?

तोही त्याच काळात सोडवला गेला, उत्तरेत. हपेइ प्रांतात छ्यूयांगजवळ डिंग नावाच्या भट्ट्या होत्या. त्यांची कीर्ती हस्तिदंती पांढऱ्या भांड्यांची, माती तिथली पांढरी. याच लोकांनी थोडी काळी भांडीही केली. १३८८ साली त्साओ चाओ याने जुन्या वस्तू पारखण्यावर एक पुस्तक लिहिलं. (आपल्याकडे तेव्हा बहमनी राज्य चालू होतं, म्हणजे काळाचा अंदाज यावा.) त्यात तो डिंगच्या जांभळट आणि काळ्या भांड्यांबद्दल सांगतो. काळं म्हणजे लाखेसारखं काळं, माती दोन्हींची पांढरी, आणि किंमत पांढऱ्या डिंगपेक्षा जास्त.

किंमत जास्त का, याचं कारण आता मला सातही वाडगे पाहून कळतंय असं वाटतं. माझा तर्क आहे, तज्ज्ञांनी हसू नये. तिथे मातीकडून उसनं काहीच मिळत नाही. जेवढं लोह हवं तेवढं झिलईतच घालायचं. कमी पडलं तर करपलेला गूळ. जास्त झालं तर वितळलेल्या काचेत मावत नाही, थंड होताना वर गंजाच्या रंगाचे कण होऊन बसतं. जाड थर द्यावा तर ओघळून भट्टीच्या फळीला चिकटतं, पातळ द्यावा तर काठाला पांढरी माती डोकावते. गडद मातीवर यातल्या अर्ध्या चुका झाकून जातात. पांढऱ्यावर एकही झाकत नाही. पांढऱ्या साडीवरच्या डागासारखं. इतक्यातून जी दहा-वीस नग सुटत असतील त्यांची किंमत जास्त असणारच!

पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीला चिंगदेचनच्या कारागिरांनी वेगळा मार्ग काढला. खांगशी बादशहाचा काळ, म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराज ते शाहू महाराज. चिंगदेचनची माती तर चिनी मातीतली चिनी माती, पांढरी शुभ्र. तिथे एक फ्रेंच जेझुइट पाद्री राहत होता, दांत्रकोल नावाचा. त्याने १७१२ आणि १७२२ साली दोन लांबलचक पत्रं लिहून तिथली सगळी कृती युरोपला कळवली. धर्मप्रसाराला गेलेला माणूस, पण लिहितो एखाद्या चौकस कारखानदारासारखं. आजच्या भाषेत याला काय म्हणतात ते तुम्हीच म्हणा. त्या पत्रांत आरशासारख्या चकचकीत काळ्या झिलईची कृती आहे. निळ्या रंगासाठी वापरतात तो कोबाल्टचा दगड कुटायचा आणि लोहाच्या तपकिरी झिलईत दाट कालवायचा. चिनी कोबाल्टच्या दगडात मँगनीज मुळातच असतं. म्हणजे लोहाचा तपकिरी, कोबाल्टचा निळा, मँगनीजचा जांभळट, तिघे एकावर एक पडले की उजेडाला बाहेर पडायला वाट उरत नाही. माती मदत करत नाही म्हणून तीन रंग एकत्र आणून काळा तयार केला.

हे वाचून मी नातीला फोन केला, "अगं, तुझ्या त्या सातव्या वाडग्याची कृती तीनशे वर्षं जुनी आहे!"

"हो, पण ते लोक पोर्सेलीनच्या आचेवर भाजत होते आणि त्यांची काच पक्की होती. माझी काच कच्ची होती आणि वर मी मसाला वाढवला. मग तो लिंबात उतरणारच ना."

मसाला वाढवला. कशी बोलते बघा. पण बरोबर आहे.

आपल्याकडे काय होतं? आपली काळी भांडी झिलईची नव्हेत, धुराची. विदर्भात माहुरझरी, नैकुंड इथल्या दगडी वर्तुळांखालच्या दफनांत सापडलेली काळी-तांबडी भांडी आमच्या पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलेली असत. वरचा भाग आणि आतली बाजू काळी, बाहेरून खाली तांबडी. भट्टीत हवा कोंडली की मातीतल्या लोहाचा रंग पालटतो आणि धुराचं काजळ छिद्रांत जाऊन बसतं. त्यात विषारी काही नाही, पण काचही नाही, म्हणून पाझरणं आलं. पाणी गार करायला उत्तम, लोणच्याला निरुपयोगी. लोणचं पितळेत कळकतं, मातीत मुरून तेल बाहेर येतं. म्हणून तर आपल्या स्वयंपाकघरात वरून तपकिरी, खालून पांढरी अशी ती जाड बरणी आली आणि दादरा बांधून फडताळात मानाने बसली. माझ्या आईची पाच शेरांची बरणी अजून आहे. तिच्या झिलईला साठ-सत्तर वर्षांत खार लागला, लिंबू लागलं, ओरखडा नाही.

बरणीचं नाव निघालं म्हणून थांबले. तिच्यासारख्याच दुसऱ्या एका बरणीबद्दल पुढे सांगायचं आहे. आधी शिसं.

युरोपात काळ्या चहादाण्यांची हौस अठराव्या शतकात आली. इंग्लंडात श्रॉपशरमधल्या जॅकफील्ड गावाचं नाव त्या भांड्यांना पडलं. कवची उडलेली जॅकफील्डची चहादाणी पाहिली तर आत तांबूस किंवा जांभळट माती दिसते. म्हणजे काळ्याला मातीची मदत होतीच. वरची झिलई शिशाची. आणि युरोपभर, खरं तर जगभर, हजारो वर्षं शिसं वापरत होते त्याला कारण होतं. शिशाची झिलई कमी आचेत वितळते, गुळगुळीत पसरते, आरशासारखी चमकते. आणि मुख्य म्हणजे ती कुठल्याही मातीशी जुळवून घेते. माती बदलली, भट्टीची आच थोडी कमीजास्त झाली, तरी शिसं सांभाळून घेतं. नातीने ज्या केसासारख्या रेघांसाठी पंधरा दिवस डोकं धरलं, त्या शिशाच्या झिलईत इतक्या सहज येत नाहीत. सोयीचा, गोडबोल्या पाहुणा. घर पोखरतो ते नंतर कळतं.

ते पहिल्यांदा कळलं ते भांडी वापरणाऱ्यांना नाही, बनवणाऱ्यांना. स्टॅफर्डशरच्या कारखान्यांत भांडी झिलईच्या पिंपांत बुडवायची एक खोली असे. तिथे आणि सुकलेली झिलई साफ करण्याच्या कामावर बायका आणि पोरंसोरं बरीच. हात दिवसभर शिशाच्या कालवणात, अंगावर त्याचीच धूळ, दुपारी त्याच हातांनी भाकर. हिरड्यांवर निळी रेघ उमटायची, पोटात कळा यायच्या, मनगटं लुळी पडून हात खाली लोंबायचा. बायकांचे गर्भ पडत. १८९५ च्या कारखाना कायद्याने अशा रुग्णांची माहिती सरकारला कळवणं डॉक्टरांना बंधनकारक झालं, तेव्हा कुठे हा आजार कागदावर आला. १८९८ मध्ये सरकारने थॉर्प नावाचा रसायनतज्ज्ञ आणि ऑलिव्हर नावाचा डॉक्टर यांना चौकशीला नेमलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. बऱ्याच भांड्यांना शिसं लागतच नाही, आणि लागलंच तर ते आधी वाळूबरोबर वितळवून काच करून घ्या, म्हणजे कच्चं शिसं पोटात विरघळणार नाही. थॉर्पने सौम्य आम्लात किती शिसं उतरतं ते मोजायची चाचणीही बसवली. मालकांनी काय म्हटलं असेल ते सांगायला इतिहासाची पदवी लागत नाही : चमक जाईल, गिऱ्हाईक जाईल, धंदा परदेशात जाईल. कच्च्या शिशाच्या झिलईला ब्रिटनमध्ये कायद्याने पूर्ण मनाई झाली ती १९४७ च्या नियमांनी. चौकशी १८९८ ची. मधली वर्षं तुम्हीच मोजा. मी मोजली आणि मग मला चहा गोड लागेना.

शिशाची गरज ज्याने मुळातून कमी केली तो हरमन झेगर, एक जर्मन. बर्लिनच्या राजेशाही पोर्सेलीन कारखान्याच्या संशोधन विभागाचा प्रमुख. भट्टीत ठराविक आचेला वाकणारे मातीचे छोटे शंकू त्याने १८८६ मध्ये काढले, तसलेच शंकू नात आजही भट्टीत ठेवते. पण मला त्याहून मोठं वाटतं ते त्याचं झिलईचं गणित. आजवर कुंभार म्हणत, दोन मापं राख, एक माप माती. झेगर म्हणाला, मापं विसरा, वितळल्यावर काचेत कुठला पदार्थ किती उरतो ते पाहा. वितळवणारे पदार्थ मिळून एक धरा आणि बाकीचे, मातीचा अंश आणि गारेचा अंश, त्याच्या पटीत मांडा. एकदा हे मांडता आलं की झिलई एका मातीवरून दुसऱ्या मातीवर नेणं हा नशिबाचा खेळ राहत नाही.

केसासारख्या रेघांचं कारणही याच गणितात आहे. भट्टी निवताना भांडं आकसतं आणि झिलईही आकसते. झिलई जास्त आकसली तर तिला भांडं पुरत नाही, ती ताणून तडकते. मुलाचा शर्ट धुतल्यावर आटून उसवतो तसं. सोडा आणि पोटॅश यांनी झिलई फार आकसते, गारेने कमी. झेगरने एक गंमत नोंदवली आहे. रेघा घालवायला बारीक गार झिलईत घाला किंवा मातीत घाला, दोन्हीने गुण येतो. झिलईत गार विरघळते आणि झिलईचं आकसणं कमी करते. मातीत ती विरघळत नाही, कणच राहते, आणि निवताना भांड्याचं आकसणं वाढवते. एकच औषध, दोन रोग्यांना उलट कारणांनी लागू पडतं. हे कळलं त्या दिवशी मला वाटलं, रसायनशास्त्र कुणी असं शिकवलं असतं तर!

आता ती दुसरी बरणी.

१९८४ साली शाळेची सहल घेऊन गेले होते. गाव सांगत नाही. तिथल्या जत्रेत एक छोटी काळी बरणी घेतली. वजनाला हलकी, आतबाहेर चकचकीत, इतकी की तोंड दिसावं. घरी आणून त्यात लिंबाचं लोणचं घातलं. वर्षभरात आतली चमक गेली आणि राखाडी, खरखरीत झाली. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "यंदाचं लोणचं जहाल झालंय, बरणी खाल्ली त्याने." आम्ही हसलो. आणि दुसऱ्या वर्षीही त्यातच लोणचं घातलं. घरात तेव्हा दोन लहान मुलं, आणि धाकट्याला तर वरणभातावर लोणच्याचा खार लागायचाच.

नातीचा लिंबाचा डाग पाहिला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती बरणी आली. त्या दिवशी जेवले नाही नीट. मग वाचनात आलं की १९७० च्या सुमारास कॅनडात माँट्रियलमधलं एक लहान मूल दगावलं होतं. घरी सफरचंदाचा रस एका हाताने घडवलेल्या, झिलईच्या मातीच्या सुरईत ठेवत आणि ते रोज तोच पीत असे. झिलई शिशाची, रस आंबट. त्यानंतर डॉक्टरांनी त्याबद्दल सविस्तर लिहिलं आणि पुढच्या काही वर्षांत अमेरिकेने व इतर देशांनी भांड्यांतून किती शिसं सुटलेलं चालेल याच्या मर्यादा घातल्या. म्हणजे मी बरणी घेतली तेव्हा जगात हे माहीत होतं. मला नव्हतं. मुलांना मी रोमन लोकांच्या शिशाच्या नळांबद्दल शिकवत होते आणि घरी येऊन शिशाच्या बरणीतलं लोणचं वाढत होते. कदाचित. माझ्या बरणीत शिसं असेलच असं नाही. पण कमी आचेवर भाजलेली, आरशासारखी, हलकी, खाली तांबडी माती, आणि आंबटाने गेलेली चमक, हे सगळं एका दिशेने बोट दाखवतं. काळ्यासाठी त्यात तांबं घातलं असेल तर आणखी वाईट, कारण तांब्याच्या संगतीने शिसं जास्त सुटतं, असं नात म्हणते.

नातीचं पुढे काय झालं ते सांगते. तिने आधी रंगाचा नाद सोडला आणि बिनरंगाची झिलई पक्की करायला घेतली. फेल्स्पार थोडा कमी, गार थोडी थोडी वाढवत पाच नमुने, लहान लहान फरशीच्या तुकड्यांवर. तिसऱ्या तुकड्यावर रेघा थांबल्या, पाचव्यावर झिलई नीट वितळेना, म्हणून चौथा धरला. चौथ्यालाही गरम पाण्यातून बर्फाच्या पाण्यात तीन वेळा बुडवून पाहिलं. मग त्यात काळा रंग. कच्चे ऑक्साइड ओतण्याऐवजी आता तयार काळा मिळतो. लोह, क्रोमियम, कोबाल्ट एकत्र भाजून त्यांचा एकच घट्ट दाणा केलेला, दळून पूड केलेली, मँगनीज नसलेली. तो शेकडा सहा, वर लोह शेकडा दोन. तांबं अजिबात नाही. झिलईचा थर पूर्वीपेक्षा किंचित जाड, आणि काठ बोटाने गोल केलेला, कारण धारदार काठावरून झिलई ओसरते आणि पांढरं डोकावतं.

रंग आला. शाळीग्रामासारखा नाही, खरं सांगायचं तर. त्या जुन्या काळ्यात खोलवर एक तांबूस ओढ होती ती यात नाही. हा जरा शाळेच्या नव्या फळ्यासारखा, सरळ काळा. नातीला त्याचं वाईट वाटलं. मला नाही. लिंबू दोन रात्री ठेवलं, डाग नाही. व्हिनेगर तीन दिवस, डाग नाही. पण ती म्हणते, डोळ्याला डाग दिसत नाही म्हणजे काही सुटत नाही असं नव्हे, म्हणून दोन वाडगे प्रयोगशाळेत दिले. तिथे शेकडा चार ॲसेटिक आम्ल भरून चोवीस तास ठेवतात आणि त्यात काय उतरलं ते मोजतात. नियमाप्रमाणे शिसं आणि कॅडमियम मोजायचं असतं. हिने पदरचे पैसे घालून कोबाल्ट आणि क्रोमियमही मोजायला सांगितलं. खाणावळवाला घाई करत होता, त्याला सांगितलं, कागद येईपर्यंत एकही वाडगा मिळणार नाही. त्याने दुसरीकडे जाण्याची धमकी दिली. गेला नाही.

परवा कागद आला. शिसं, कॅडमियम नाही. बाकीचे दोन्ही नगण्य. आता चाळीस वाडग्यांचं काम सुरू आहे.

त्याच वेळी ती मला म्हणाली, "आजी, तुझी ती बरणीही देऊ या का तपासायला?" मी म्हटलं, बघू. चाळीस वर्षांपूर्वीचं लोणचं खाऊन सगळे सुखरूप आहेत, आता कळून काय करायचं. ती काही बोलली नाही. रात्री मीच माळ्यावरून ती काढली, फडक्यात गुंडाळली आणि तिच्या खोक्यात, त्या सहा नापास वाडग्यांशेजारी ठेवली. सातवा माझ्याकडेच ठेवलाय, त्यात विणकामाच्या सुया राहतात. मुलाला यातलं अजून काही सांगितलेलं नाही. पण तो दर रविवारी हा ब्लॉग वाचतो.